गाडीचे ॲव्हरेज: कागदावरचे आणि रस्त्यावरचे

कंपनीने दिलेला इंधनक्षमतेचा आकडा कसा ठरतो, रस्त्यावर तो का मिळत नाही आणि स्वतःच्या गाडीचा खरा आकडा कसा काढावा

नवी कार घेणाऱ्याचा पहिला प्रश्न किमतीचा असतो आणि दुसरा, ‘ॲव्हरेज किती देते?’ विक्रेता एक आकडा सांगतो. तोच आकडा माहितीपत्रकात आणि जाहिरातीतही दशांश चिन्हानंतर दोन अंकांपर्यंत छापलेला असतो. गाडी घरी आल्यानंतर काही महिन्यांनी पेट्रोलचा हिशेब मांडला जातो, तेव्हा हाती येणारा आकडा त्याहून बराच कमी भरतो. मग कंपनी खोटे बोलली, गाडीत दोष आहे किंवा पंपावर माप मारले जाते, असे तर्क सुरू होतात. क्वचित एखादा तर्क खरा ठरतो. बहुतेक वेळा मात्र तफावतीचे कारण आकड्याच्या जन्मातच असते. अधिकृत आकडा हा एका ठरावीक परीक्षेत मिळालेले गुण आहेत. दोन गाड्यांची तुलना करण्यासाठी तो उपयोगी आहे, पण घरखर्चाचे अंदाजपत्रक त्यावर बांधता येत नाही.

हा फरक पैशांत किती पडतो, ते पाहू. समजा, महिन्याला १,००० किलोमीटर प्रवास होतो आणि सोप्या हिशेबासाठी पेट्रोल १०० रुपये लिटर धरले. प्रमाणित आकडा लिटरला २४ किलोमीटर असेल, तर महिन्याचा खर्च सुमारे ४,१७० रुपये येतो. प्रत्यक्षात गाडी १७ देत असेल, तर तोच खर्च सुमारे ५,८८० रुपये होतो. म्हणजे महिन्याला सुमारे १,७०० आणि वर्षाला वीस हजारांहून अधिक रुपयांचा फरक. कर्जाचा हप्ता काटेकोरपणे मोजून गाडी घेणाऱ्या कुटुंबासाठी ही रक्कम लहान नाही.

आकडा कुठे तयार होतो?

भारतात विकल्या जाणाऱ्या कारची इंधनक्षमता शासनमान्य चाचणी संस्थांच्या देखरेखीखाली तपासली जाते. पुण्याची ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’, म्हणजे ‘एआरएआय’, ही त्यांतील सर्वांत परिचित संस्था. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या नावावरूनच प्रमाणित आकड्याला बाजारात ‘एआरएआय मायलेज’ म्हटले जाते. हरियाणातील मानेसरची ‘आयकॅट’ आणि इंदूरजवळच्या पिथमपूरची ‘नॅट्रॅक्स’ या संस्थाही याच क्षेत्रातील आहेत.

इंधनक्षमतेची चाचणी रस्त्यावर होत नाही, बंदिस्त प्रयोगशाळेत होते. गाडीची चाके मोठ्या रोलरवर ठेवली जातात. चाके फिरतात, गाडी जागच्या जागी राहते. चालकासमोरच्या पडद्यावर कोणत्या सेकंदाला किती वेग हवा याचा आलेख असतो आणि चालकाने तो तंतोतंत पाळायचा असतो. भारतातील या वेळापत्रकाला ‘मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल’ म्हणतात. ते युरोपातील जुन्या चाचणीवरून घेतलेले आहे. त्याचा एकूण कालावधी १,१८० सेकंद, म्हणजे वीस मिनिटांहून थोडा कमी, आणि अंतर सुमारे साडेदहा किलोमीटर. पहिल्या भागात १९५ सेकंदांचा शहरी टप्पा चार वेळा होतो आणि त्यात वेग ताशी ५० किलोमीटरच्या पुढे जात नाही. दुसरा भाग ४०० सेकंदांचा, शहराबाहेरच्या प्रवासाचा. त्यात कमाल वेग ताशी ९० किलोमीटर.

हे वेळापत्रक किती सौम्य आहे, हे एका तपशिलावरून कळते. शहरी टप्प्यात थांबलेल्या गाडीला ताशी ५० किलोमीटरचा वेग गाठण्यासाठी २६ सेकंद मिळतात. पणजीच्या एखाद्या सिग्नलवर हिरवा दिवा लागल्यावर इतक्या सावकाश निघणाऱ्या चालकामागे हॉर्नचा गजर सुरू होईल. प्रयोगशाळेचे तापमान २० ते ३० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राखलेले असते. एसी बंद असतो. चढ-उतार, वारा, पाऊस, खड्डे यांपैकी काहीच नसते.

खर्च झालेले इंधन टाकीत मोजपट्टी घालून मोजत नाहीत. सायलेन्सरमधून निघणारा धूर गोळा करून त्यातील कार्बन डाय-ऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड आणि न जळालेले हायड्रोकार्बन मोजले जातात. इंधनातला जेवढा कार्बन जळाला तेवढाच धुरातून बाहेर पडणार, या न्यायाने किती इंधन लागले याचे गणित मांडले जाते. ही पद्धत अचूक आहे आणि पुन्हा केली तरी जवळपास तेच उत्तर देते. मोजमाप चोख आहे. मोजली जाणारी परिस्थिती मात्र आपल्या प्रवासासारखी नाही.

रोलरला सांगितलेली गोष्ट

या चाचणीतील एक दुवा सामान्य ग्राहकाला ठाऊक नसतो. रस्त्यावर गाडीला हवेचा आणि टायरच्या घर्षणाचा विरोध होतो. जागच्या जागी फिरणाऱ्या चाकांना तो जाणवत नाही. म्हणून गाडीला किती विरोध होतो हे आधी ठरवून रोलरला तेवढा भार द्यावा लागतो. त्यासाठी मोकळ्या धावपट्टीवर गाडी वेगात नेऊन न्यूट्रलमध्ये सोडतात आणि तिचा वेग किती वेळात उतरतो ते मोजतात. विरोध कमी दाखवला, की रोलरवरचे इंजिन कमी राबते आणि इंधनक्षमता वाढलेली दिसते.

जगातली दोन मोठी प्रकरणे नेमकी याच दुव्याशी जोडलेली होती. अमेरिकेत पर्यावरण संरक्षण संस्थेच्या तपासणीनंतर नोव्हेंबर २०१२ मध्ये ह्युंदाई आणि किआ या कंपन्यांना अनेक गाड्यांचे जाहीर आकडे खाली आणावे लागले. २०१४ मध्ये त्यांनी १० कोटी डॉलरचा दंड भरण्याचे मान्य केले. जपानमध्ये एप्रिल २०१६ मध्ये मित्सुबिशी मोटर्सने सुमारे सव्वासहा लाख छोट्या गाड्यांच्या चाचणीत चुकीची माहिती दिल्याची कबुली दिली. त्यांतील बऱ्याच गाड्या मित्सुबिशीने निस्सानसाठी बनवलेल्या होत्या आणि आकड्यांतील विसंगती निस्सानच्याच लक्षात आली होती. फसवणूक होऊ शकते, हे या प्रकरणांनी दाखवले. पण फसवणूक मुळीच नसतानाही तफावत उरते आणि ग्राहकाला रोज भेटते ती हीच.

रस्त्यावर काय बदलते?

गोव्यापुरते बोलायचे तर पहिला वाटेकरी एसी. उन्हात उभ्या केलेल्या गाडीचा अंतर्भाग थंड करताना एसीवर सर्वाधिक भार येतो. दमट किनारपट्टीवर त्याला हवा थंड करण्याबरोबर तिच्यातील बाष्पही काढावे लागते, म्हणून तापमान फार नसलेल्या दिवशीही तो राबत राहतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीनुसार, कडक उन्हाळ्यात एसीमुळे इंधनक्षमता २५ टक्क्यांहून अधिक घटू शकते आणि ही घट छोट्या प्रवासात सर्वाधिक असते. घर ते बाजार, बाजार ते शाळा अशा चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत गाडी थंड होईपर्यंत मुक्काम येतो. इंजिनही तोवर पुरते तापलेले नसते आणि थंड इंजिन अधिक इंधन घेते. त्यामुळे पणजीतल्या पणजीत फिरणारी आणि रोज मडगाव ते पणजी धावणारी अशा एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांचे ॲव्हरेज वेगळे येते.

दुसरा वाटेकरी रहदारी. उभ्या गाडीचे चालू इंजिन इंधन जाळते आणि अंतर मात्र शून्य. शिवाय प्रत्येक ब्रेकबरोबर, वेग गाठण्यासाठी खर्चलेली ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. पर्वरीसारख्या ठिकाणी कोंडीत रेंगाळताना नेमके हेच घडते. चालवण्याच्या सवयीचा वाटाही मोठा आहे. वरील अमेरिकी माहितीनुसारच, एकदम ॲक्सिलरेटर दाबणे आणि जोराने ब्रेक लावणे यांमुळे थांबत-थांबत जाणाऱ्या रहदारीत इंधनक्षमता १० ते ४० टक्के आणि महामार्गावर १५ ते ३० टक्के कमी होऊ शकते.

तिसरा वाटेकरी वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटर वेगाने गेल्यास हा विरोध सुमारे ५६ टक्क्यांनी वाढतो. टपावर सामानाचा कॅरिअर असेल तर त्यात भर पडते. चाचणीत वेग ९० च्या पुढे जातच नाही, हे येथे ध्यानात ठेवावे.

चौथा वाटेकरी घाट. गोव्याच्या गाड्यांचा बेळगावशी नित्याचा संबंध आहे आणि बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. माणसे-सामानासह दीड टन वजनाची गाडी तेवढी उंच नेण्यासाठी सुमारे ११ मेगाज्यूल ऊर्जा लागते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, पण त्यातील पाव ते तीस टक्के भागच चाकांपर्यंत पोहोचतो. म्हणजे चोर्ला घाटातून बेळगाव गाठताना केवळ उंचीपायी लिटर-सव्वा लिटर पेट्रोल जादा जाते. परतीच्या उतारावर त्यातील काही भाग वसूल होतो, उरलेला ब्रेकमध्ये जातो. म्हणून जातानाच्या आकड्याने घाबरून जाऊ नये आणि येतानाच्या आकड्याने हुरळूनही जाऊ नये. या मार्गावरचे खरे ॲव्हरेज जाऊन-येऊनचेच.

शेवटचे वाटेकरी टायर आणि वजन. हवा कमी असलेला टायर अधिक दबतो आणि इंजिनावर ओझे टाकतो. वाढलेल्या प्रत्येक ४५ किलो वजनामागे इंधनक्षमता सुमारे एक टक्क्याने घटते आणि लहान गाडीत हा परिणाम अधिक जाणवतो. चतुर्थीला पाच माणसे आणि भरलेली डिकी घेऊन गावी निघालेल्या छोट्या कारकडून चाचणीतल्या आकड्याची अपेक्षा धरणे व्यर्थ आहे.

युरोपने काढलेला धडा

चाचणी जुनी झाली की तफावत कशी वाढते, हे युरोपात दिसले. ‘इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्सपोर्टेशन’ या संस्थेने दहा लाखांहून अधिक गाड्यांच्या नोंदी तपासल्या. अधिकृत आणि प्रत्यक्ष खपातील फरक २००१ मध्ये सुमारे ८ टक्के होता, तो २०१७ मध्ये ३९ टक्क्यांवर पोहोचल्याचे तीत आढळले. एवढ्या वर्षांत रस्ते किंवा चालक एवढे बदलले नव्हते. कार्बन उत्सर्जनाची बंधने कडक होत गेली, तसतशा कंपन्या चाचणीतल्या सवलतींचा पुरेपूर लाभ घेऊ लागल्या आणि गाड्या परीक्षेपुरत्या तयार होऊ लागल्या.

त्यावर उपाय म्हणून सप्टेंबर २०१७ पासून युरोपात ‘डब्ल्यूएलटीपी’ ही नवी पद्धत आली. तिचे चक्र १,८०० सेकंदांचे, अंतर सव्वातेवीस किलोमीटर आणि कमाल वेग ताशी १३१ किलोमीटर. २०२१ पासून तेथील नव्या गाड्यांत प्रत्यक्ष खपलेले इंधन नोंदवणारी यंत्रणाही सक्तीची झाली. या यंत्रणेतून मिळालेल्या आकड्यांवर युरोपीय आयोगाने मार्च २०२४ मध्ये अहवाल दिला. नव्या चाचणीच्या तुलनेतही पेट्रोल गाड्यांचा प्रत्यक्ष खप सरासरी २३.७ टक्के आणि डिझेल गाड्यांचा १८.१ टक्के अधिक निघाला. वीज आणि पेट्रोल अशा दोन्हींवर चालणाऱ्या प्लग-इन हायब्रिड गाड्यांचा खप तर अधिकृत आकड्याच्या सरासरी साडेतीन पट होता. मालक त्या गृहीत धरल्यापेक्षा कमी चार्ज करत होते, हे त्याचे मुख्य कारण.

भारताची चाचणी युरोपने मागे टाकलेल्या पद्धतीवर आधारलेली आहे आणि कमाल वेगाच्या बाबतीत तीहून सौम्य आहे. डब्ल्यूएलटीपी येथे लागू करण्याचा प्रस्ताव केंद्र सरकारने पुढे आणला आहे. तो अमलात आल्यावर माहितीपत्रकातील आकडे खाली उतरतील. त्या वेळी गाड्या बिघडल्या असे कोणी समजू नये. परीक्षा कठीण झाली, एवढाच त्याचा अर्थ असेल. जुन्या पद्धतीचा एक आकडा आणि नव्या पद्धतीचा दुसरा, अशी तुलनाही करू नये.

इथेनॉलचा हिस्सा

पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे या मिश्रणातील ऊर्जा शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी भरते. नीती आयोगाच्या जून २०२१ च्या अहवालात इंधनक्षमतेतील अपेक्षित घट अशी दिली आहे: शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींत ६ ते ७ टक्के, तशाच दुचाकींत ३ ते ४ टक्के आणि १० टक्के मिश्रणासाठी रचून २० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींत १ ते २ टक्के. जुन्या गाडीचे ॲव्हरेज थोडे उतरले असेल, तर गॅरेज गाठण्यापूर्वी हे कारणही तपासावे. मात्र वीस-पंचवीस टक्क्यांची घसरण एकट्या इथेनॉलच्या माथी मारता येणार नाही.

सीएनजी, हायब्रिड आणि विजेच्या गाड्या

सीएनजीचा आकडा किलोमीटर प्रति किलो असतो, पेट्रोलचा किलोमीटर प्रति लिटर. हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये. तुलना करायची ती दर किलोमीटरला पडणाऱ्या रुपयांची.

हायब्रिड गाडी ब्रेक लावताना वाया जाणारी काही ऊर्जा बॅटरीत साठवते आणि कमी वेगात इंजिन बंद ठेवते. म्हणून कोंडीच्या शहरात तिचा फायदा ठळक दिसतो, तर एकसारख्या वेगाने महामार्गावर धावताना तो कमी होतो. २०२२ मध्ये बाजारात आलेल्या मारुती सुझुकी ग्रँड व्हिटाराच्या स्ट्राँग हायब्रिड आवृत्तीचा प्रमाणित आकडा २७.९७ होता, तर हाताने गिअर बदलण्याच्या साध्या आवृत्तीचा २१.११. कागदावर १,००० किलोमीटरमागे साडेअकरा लिटरची बचत दिसते. रोजचा प्रवास कोणत्या रस्त्यावर आणि किती, यावरच किमतीतील फरक वसूल होणे अवलंबून राहते.

विजेच्या गाडीचा एका चार्जमधील पल्लाही अशाच प्रयोगशाळेत ठरतो, त्यामुळे तोही प्रत्यक्षात कमी मिळतो. टाटा मोटर्ससारखी कंपनी आता प्रमाणित पल्ल्याबरोबर प्रत्यक्ष वापरातील अपेक्षित पल्लाही जाहीर करते. विजेची गाडी घेणाऱ्याने दुसराच आकडा धरावा.

आपला आकडा आपणच काढावा

यासाठी कागद, पेन आणि थोडा धीर पुरे. एका पंपावर टाकी भरताना नोझल आपोआप बंद पडले की तेथेच थांबावे. त्या क्षणी मीटरवरील किलोमीटर लिहून ठेवावेत. टाकी बरीच खाली येईपर्यंत नेहमीसारखी गाडी चालवावी. मग शक्यतो त्याच पंपावर, त्याच पद्धतीने पुन्हा टाकी भरावी. दरम्यान झालेल्या किलोमीटरना दुसऱ्या वेळी भरलेल्या लिटरने भागावे. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नये. नोझल थोडे आधी किंवा नंतर बंद पडले तरी एका टाकीच्या हिशेबात फरक पडतो. चार-पाच टाक्यांची नोंद ठेवली की ही चूक विरून जाते. पावसाळ्याची आणि उन्हाळ्याची नोंद वेगळी ठेवल्यास एसीचा वाटाही कळतो.

सरासरी काढताना एक चूक सर्रास होते. समजा, १२० किलोमीटरच्या घाटाच्या प्रवासात जाताना ८ लिटर लागले, म्हणजे १५ चे ॲव्हरेज, आणि येताना ६ लिटर, म्हणजे २० चे. दोहोंची सरासरी १७.५ वाटते. खरी सरासरी २४० किलोमीटर भागिले १४ लिटर, म्हणजे सुमारे १७.१. नेहमी एकूण किलोमीटरना एकूण लिटरने भागावे. डॅशबोर्डवर दिसणारा आकडा अंदाजापुरता घ्यावा आणि एकदा तरी हाताने केलेल्या हिशेबाशी ताडून पाहावा.

खरेदीच्या वेळी

किलोमीटर प्रति लिटर हे माप डोळ्यांना थोडे फसवते. एका गाडीचे ॲव्हरेज १० वरून १२ झाले, दुसरीचे २० वरून २४. दुसरीची झेप मोठी वाटते. पण १,००० किलोमीटरमागे पहिलीत १६.७ लिटर वाचतात आणि दुसरीत ८.३. म्हणून युरोपात १०० किलोमीटरला किती लिटर, असे उलटे माप वापरतात. घरात दोन गाड्या असतील, तर आधी जास्त पिणारी बदलावी, हे या मापाने लगेच दिसते.

प्रमाणित आकडा मग कशासाठी पाहावा? एकाच पद्धतीने तपासलेल्या, एकाच प्रकारच्या इंधनावरच्या दोन गाड्यांत कोणती काटकसरी आहे, हे कळण्यासाठी. दोहोंत अर्धा-पाऊण किलोमीटरचाच फरक असेल, तर तो चालवण्याच्या सवयीत सहज बुडून जातो. त्यापेक्षा सर्व्हिसिंगची सोय आणि सुरक्षितता यांना महत्त्व द्यावे. विक्रेत्याने आश्वासन दिले, तर ते कोणत्या चाचणीचे आहे हे लेखी मागावे आणि जाहिरात जपून ठेवावी. केरळमधील त्रिशूर जिल्हा ग्राहक आयोगापुढे अशाच एका जाहिरातीचा वाद गेला होता. लिटरला ३२ किलोमीटरचा दावा असलेली गाडी तज्ज्ञाच्या चाचणीत १९.६ वर आली आणि आयोगाने ग्राहकाला भरपाई मंजूर केली. तेथे निकाल फिरला तो दावा आणि त्यापुढे ठेवलेले मोजमाप यांवर. केवळ ‘ॲव्हरेज मिळत नाही’ या तक्रारीला वजन नसते. तारीखवार नोंदवहीला असते.

गाडीचे ॲव्हरेज अचानक घसरले, तरी हीच वही कामी येते. टायरमधील हवा, घासणारे ब्रेक, तुंबलेला एअर फिल्टर किंवा बिघडलेला सेन्सर यांची पहिली खूण अनेकदा पेट्रोलच्या हिशेबातच दिसते. जुना आकडा लिहिलेला असेल, तरच नवा आकडा कमी आहे हे कळते.